थंडी सरता सरता : पायांत वेग परत आणण्याचे सहा आठवडे

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन उरकते आणि आपल्याकडच्या बऱ्याच धावणाऱ्यांचे पाय एका चमत्कारिक अवस्थेत येऊन थांबतात. दम भरपूर असतो, दोन-अडीच तास न थांबता पळता येते, पण सुटत्या बसमागे पन्नास मीटर धावायची पाळी आली की पाय जमिनीला चिकटतात. चार-चार महिने एकाच चालीने लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याची संथ धाव, केल्यावर दुसरे काय होणार?

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघते आणि होळी जळाली की पळते, असे आपल्याकडे म्हणतात. धावणाऱ्याने हे पंचांग गंभीरपणे घ्यावे. पुण्या-नाशकात फेब्रुवारीची सकाळ अजून बारा-चौदा अंशांची असते. मार्चअखेर दुपारचा पारा छत्तीस-सदतीसवर जातो आणि नागपूर-अकोल्याकडे चाळिशीला टेकतो. मुंबई-कोकणात आकडे एवढे चढत नाहीत, पण हवेतला दमटपणा परततो आणि पहाटेही अंग चिकचिकते. वेगाने धावायला गारवा लागतोच, कारण तापलेले शरीर बरेचसे रक्त त्वचेकडे वळवते आणि तेवढे स्नायूंच्या वाट्याला कमी येते. म्हणून शिवरात्रीच्या दोन आठवडे आधी सुरुवात करावी आणि पाडव्यापर्यंत हे काम उरकावे. शिवरात्र ते पाडवा साधारण एक महिना, म्हणजे एकूण सहा आठवडे हातात येतात.

या सहा आठवड्यांत फेस येईपर्यंत पळायचे नाही. वेगाची मजा येते ती पाय ताजे असताना, आणि ‘अजून एक झाले असते’ असे वाटत असतानाच घरी परतल्यावर. ज्यांना वेगाचा कंटाळा येतो किंवा धाक वाटतो, त्यांनी बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी दहा वेळा चारशे मीटर मारलेले असतात.

आधी पाय तयार आहेत का ते पाहा

पूर्ण मॅरेथॉन धावला असाल तर तीन आठवडे आणि हाफ मॅरेथॉन धावला असाल तर दहा-बारा दिवस वेगाचे नाव काढू नका. नंतर घरीच तीन गोष्टी तपासा. जिना उतरताना मांड्या दुखतात का? एका पायावर वीस उड्या न दुखता मारता येतात का? आणि भिंतीला बोट टेकून एका पायाच्या चवड्यावर वीस वेळा टाच उचलता येते का? दोन्ही पायांत पाच-सहाचा फरक पडत असेल, तर कमजोर पोटरी आधी तयार करा, वेग नंतर. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त लागत असेल तर शरीर अजून सावरलेले नाही.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब वा मधुमेह असेल, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, किंवा धावताना छातीत कधी दडपल्यासारखे झाले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये. मॅरेथॉन पूर्ण केली म्हणजे हृदय तपासून झाले, असा समज आपल्याकडे फार आहे. तो चुकीचा आहे.

मंद का पडतो

सावकाश पळताना शरीर काटकसर करते. थोडेच, चिवट स्नायुतंतू कामाला लावते आणि जोरकस तंतूंना झोपू देते. पाऊल आखूड होते, मागचा पाय कुल्ल्यातून पूर्ण मागे जात नाही. टाचेमागचा जाड स्नायुबंध, म्हणजे अकिलीस, स्प्रिंगसारखा ताणून सुटायचा तो नुसता लोंबकळत राहतो. यातले मेंदू आणि स्नायूंचे नाते फार लवकर जागे होते, दोन-तीन आठवड्यांतच पाय हलके वाटू लागतात. स्नायुबंधाला मात्र कित्येक महिने लागतात, आणि सगळ्या दुखापती या फटीत होतात. तिसऱ्या आठवड्यात मन म्हणते ‘आता जमतंय’, अकिलीस म्हणतो ‘मला कोणी विचारलं?’

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तो केल्याशिवाय पुढचे वाचू नये. इमारतीच्या जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून, टाचा हवेत ठेवून, एक दिवसाआड टाचा वर-खाली करायच्या. गुडघे सरळ ठेवून १२ वेळा, असे तीन फेरे, आणि गुडघे किंचित वाकवून तेवढेच. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो आणि वेगात सर्वाधिक भार त्याच्यावरच पडतो. वर जाताना दोन सेकंद, खाली येताना तीन.

पहिला आठवडा : ऐंशी मीटरची मौज

सुरुवात करायची ती ‘स्ट्राइड’ने. तीस-चाळीस मिनिटे आरामात पळून झाल्यावर सपाट, मोकळ्या पट्ट्यावर ऐंशी मीटर धावायचे. पहिल्या तीस मीटरमध्ये वेग हळूहळू चढवायचा, पुढचे तीस मीटर तो तसाच ठेवायचा, आणि शेवटच्या वीसमध्ये सोडून द्यायचा. ब्रेक लावायचा नाही, सायकलचे पॅडल मारणे थांबवल्यावर ती जशी आपोआप मंदावते तसे. पूर्ण जोर शंभर धरला तर इथे पंच्याऐंशी. मग चालत मागे यायचे. परतताना श्वास पूर्ण जागेवर आला पाहिजे, मिनिट-दीड मिनिट लागते. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, दर दिवशी चार. दुसऱ्या आठवड्यापासून सहा.

ऐंशी मीटर म्हणजे पंधरा ते वीस सेकंद. एवढ्यात दम लागण्याची वेळच येत नाही, म्हणून सगळे लक्ष चालीकडे देता येते. नजर वीस-तीस मीटर पुढे. जबडा सैल, इतका की गाल हलले पाहिजेत. हात पुढे फेकण्यापेक्षा कोपर मागे ओढण्याकडे लक्ष द्या, कोपर मागे गेले की विरुद्ध बाजूचा गुडघा आपोआप वर येतो. पाऊल शरीराच्या खाली पडले पाहिजे. सगळ्यात सोपी परीक्षा कानांनी होते. ‘धप धप’ असा आवाज येत असेल तर पाऊल शरीराच्या फार पुढे पडते आहे आणि प्रत्येक पावलाला आपणच ब्रेक लावतो आहोत. ‘टप टप’ असा हलका, भराभर आवाज आला की समजावे, जमले.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, वेग म्हणजे ढांग लांब असा समज. ढांग मुद्दाम लांबवली की टाच पुढे आपटते आणि मांडीचा मागचा स्नायू ताणाखाली असतानाच त्याच्यावर झटका बसतो. ‘टक्’ करून तो स्नायू जातो तो असाच. दुसरी चूक, शेजारून पोलीस भरतीची मुले पळत गेली की त्यांच्यामागे लागणे. ती मुले १६०० मीटरची तयारी करत असतात आणि त्यांचे वय वीस असते.

जागा नीट निवडा. मातीचे मैदान उत्तम, पण आदल्या संध्याकाळच्या टेनिस बॉल क्रिकेटमुळे बोलरच्या रनअपपाशी खड्डे पडलेले असतात. आधी एकदा पट्टा चालून पाहा. फेब्रुवारीत हिरवळीवर दव असते, तिथे चवडा सटकतो. कुत्र्यांच्या टोळीजवळ वेग वाढवू नका. संथ पळणाऱ्याकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत, झपकन गेलेल्यामागे मात्र लागतात. आणि अंधारात वेगाचे काम करायचे नाही. पुण्या-मुंबईकडे फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मार्चअखेर साडेसहाला. त्यामुळे फेब्रुवारीत पावणेसात ते साडेसात ही वेळ सोन्यासारखी असते, उजेडही आणि गारवाही. मुंबईत हवा धुरकट दिसत असेल त्या दिवशी वेग रद्द, सावकाश पळून घरी.

दुसरा आठवडा : खांबांचा खेळ

१९३०च्या दशकात स्वीडनचा प्रशिक्षक यॉस्ता होल्मेर याने ‘फार्टलेक’ नावाची पद्धत रूढ केली. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ वेगाचा खेळ. तो जंगलातल्या वाटांसाठी होता, आपल्याकडे रस्त्यावरचे दिव्याचे खांब आहेत. बारा-पंधरा मिनिटे सावकाश पळा. मग एक खांब जोरात, दोन सावकाश. दोन जोरात, दोन सावकाश. तीन जोरात, तीन सावकाश. पुन्हा एकपासून. खांबांमधले अंतर कुठे पंचवीस मीटर असते, कुठे चाळीस, एखादा खांब पडलेलाच असतो, त्यामुळे कधी सुटका लवकर होते तर कधी फसगत. जोराच्या तुकड्यांची बेरीज आठ-दहा मिनिटांवर जाऊ देऊ नका. घड्याळ खिशात ठेवा. पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, पाहायला लागलात की खेळाचा गृहपाठ होतो.

गट असेल तर आगगाडी खेळा. पाच-सहा जण एका रांगेत आरामात पळतात, शेवटचा डबा जोरात पुढे जाऊन इंजिन होतो, मग नवा शेवटचा. इथली गफलत ठरलेली आहे : इंजिन झालेला माणूस वेग कमीच करत नाही आणि चार फेऱ्यांत मागच्याचा जीव कासावीस होतो. पुढे आल्यावर गाडी पुन्हा मूळ चालीवर आणण्याची जबाबदारी इंजिनाची. गाडीची चाल गटातल्या सर्वांत संथ माणसाने ठरवावी.

या आठवड्यापासून वॉर्म-अपला सुट्टी नाही. थंड सकाळी बारा-पंधरा मिनिटे हळू पळणे, मग भिंत धरून प्रत्येक पाय पुढे-मागे बारा वेळा झुलवणे, वीस मीटर गुडघे उचलत, वीस मीटर टाचा कुल्ल्याला लावत, वीस मीटर उड्या मारत चालणे, शेवटी दोन स्ट्राइड. थंड स्नायू धरून, ओढून ताणत बसू नका. तो प्रकार नंतर.

तिसरा आठवडा : चढ

वेग शिकायची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे चढ. जमीन वर येऊन पायाला भेटते म्हणून आपटणे कमी होते, ढांग लांबवता येत नाही, आणि गुडघे उचलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सांगायच्या सगळ्या गोष्टी चढ स्वतःच करून घेतो.

शंभर मीटरमध्ये सहा-आठ मीटर उंची मिळेल असा चढ शोधा. पुण्यात तळजईकडे जाणारा रस्ता, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा किंवा यवतेश्वरचा घाट, मुंबईत मलबार हिलच्या आतल्या गल्ल्या. टेकडीवरच्या सुट्या मुरमावर करू नका, जोर लावताक्षणी चवडा मागे सरकतो आणि पोटरीला हिसका बसतो. उड्डाणपूलही नको, वाहने आणि वेगाने पळणारा माणूस यांचा हिशेब तिथे जुळत नाही.

आठ ते दहा सेकंद जवळजवळ पूर्ण जोराने वर. मग चालत खाली, दीड-दोन मिनिटे. पहिल्यांदा चार, पुढच्या वेळी सहा. आठच्या वर जायची गरज नाही. ‘एवढंच?’ असे वाटेल, आणि दुसऱ्या दिवशी कुल्ल्यांत जाणवेल. विश्रांती कमी करून ‘जास्त घाम काढायचा’ मोह टाळा. श्वास न सावरता पुढचा चढ घेतला की पाय पुन्हा जुन्या जड चालीवर येतात, आणि आपण नेमका तोच जडपणा घोटत बसतो.

चौथा आठवडा : दोनशे मीटर

आता मैदान. बालेवाडी किंवा मरीन लाइन्सच्या विद्यापीठाच्या मैदानासारखा ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर ठीक. तिथे आतल्या पहिल्या लेनचीच फेरी ४०० मीटर असते, आठव्या लेनची सुमारे ४५३. ‘आज काय झालंय, वेळच येत नाही’ म्हणणारे बरेच जण बाहेरच्या लेनमध्ये पळत असतात. सावकाश चालायचे असेल तेव्हा मात्र आतली लेन मोकळी करून द्या.

ट्रॅक नसेल तर सायकल घ्या. टायरवर खडूने खूण करा, एका फेऱ्यात सायकल किती सरकते ते टेपने मोजा. २६ इंची चाकाचा फेरा साधारण २०७ सेंटिमीटर भरतो, म्हणजे २०० मीटरला सुमारे ९७ फेरे. दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा. मनगटावरच्या जीपीएसवर दोनशे मीटर मोजू नका, झाडे आणि इमारतींजवळ ते दहा-पंधरा मीटर सहज खाते. घड्याळाचा फक्त स्टॉपवॉच वापरा.

दोनशे मीटर आठ वेळा, मधे दीड-दोन मिनिटे चालणे किंवा अगदी हळू पळणे. वेळ किती? १० किलोमीटर ७० मिनिटांत पळणाऱ्याने २०० मीटर ७७ ते ८० सेकंदांत, ६० मिनिटांवाल्याने ६६ ते ६८, ५० मिनिटांवाल्याने ५५ ते ५७. पहिले दोन फारच सोपे वाटतील, वाटलेच पाहिजेत. आठही वेळा दोन सेकंदांच्या आत बसल्या की कसरत उत्तम झाली. पाचव्या-सहाव्याला तीन सेकंद जास्त लागले तर तिथेच थांबून घरी जा, उरलेले ‘पूर्ण करायचेच’ म्हणून ओढू नका.

ट्रॅकवर वळणे नेहमी डावीकडे असतात, त्यामुळे दोन्ही पायांवर भार सारखा येत नाही. मोकळ्या मैदानावर असाल तर चारनंतर दिशा बदला.

पाचवा आठवडा

तीन मिनिटे जोरात, दोन मिनिटे सावकाश, असे पाच वेळा. जोर किती, तर तीन-चार शब्दांपलीकडे वाक्य जाणार नाही इतका. होळी बहुधा याच सुमाराला येते. होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हवेत धूर साचलेला असतो, ती कसरत एक दिवस पुढे ढकला.

या काळात बाकी काय कमी करायचे

इथे बहुतेकांचा हात आखडतो. वेग वाढवताना एकूण अंतर कमी करावेच लागते. डिसेंबरच्या तुलनेत आठवड्याचे किलोमीटर पाव ते एक तृतीयांश कमी करा, लाँग रन ७५-९० मिनिटांवर आणा. आठवड्यात दोनच वेगाचे दिवस, मधे किमान ४८ तास. बाकी दिवशी इतके सावकाश पळा की गप्पा चालू राहतील. रविवारचा ग्रुप पंचवीस किलोमीटर करतोय म्हणून तुम्हीही केलेत, तर मंगळवारी मैदानात जड पाय घेऊन जाल आणि दोष वेगाला द्याल.

खाण्याचे फार काही नाही. सकाळी निघण्याआधी अर्धे केळे किंवा दोन खजूर, हवा तर कपभर चहा. रात्री उशिरा मटण झोडून सकाळी दोनशे मीटर मारायला गेलात तर चौथ्या फेरीला पोटात कळ येते. बुटांचेही तसेच. तळात कार्बनची पट्टी (प्लेट) असलेले महागडे बूट या कामाला लागत नाहीत, पण मॅरेथॉनला वापरून तळ घासलेला जोडही नको. साधा, हलका, घोटा डुगडुगू न देणारा बूट पुरतो.

दुखले तर

पोटऱ्या दोन्ही बाजूंना सारख्या जड, दिवस-दोन दिवसांत मोकळ्या : चिंता नको. अकिलीस सकाळी आखडते आणि चार पावलांत सुटते : टाचा उचलणे सुरू ठेवा, वेग निम्मा करा. तेच आखडणे रोज थोडे जास्त वेळ टिकू लागले, तर वेग पूर्ण बंद. मांडीच्या मागे एकदम कळ आली तर त्या क्षणी थांबा, चालत परत या, आणि ‘मोकळे व्हावे’ म्हणून ताणू नका. फाटलेले कापड ओढल्याने शिवले जात नाही. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबल्यावर नाण्याएवढ्या एकाच जागी झणका येत असेल, तर हाडाला चीर असू शकते. तिथे तेल, पट्टी, बर्फ असे घरगुती उपाय करत बसू नका, अस्थितज्ज्ञाकडे जा.

सहावा आठवडा : स्वतःची परीक्षा

पाडव्याच्या आधीच्या एका गार सकाळी ३ किलोमीटर, म्हणजे ट्रॅकचे साडेसात फेरे. आदले दोन दिवस हलके घ्या. पहिला फेरा मुद्दाम रोखून धरा. सगळे तिथेच चुकतात, पहिले चारशे मीटर दहा सेकंदांनी जलद मारतात आणि पाचव्या फेऱ्याला हात जड होतात. दुसरा किलोमीटर पहिल्याइतकाच, शेवटचा जमेल तसा. आलेला आकडा लिहून ठेवा, पुढच्या फेब्रुवारीत उपयोगी पडेल. जिरवून घ्यायची हौस असेल तर बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२४ साली पॅरिसमध्ये हेच अंतर २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्यांसकट ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पार केले होते, म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ४३ सेकंद. आपण आपले साडेसात फेरे मोजावेत.

पाडव्यानंतर ऊन तापू लागले की दोनशे-चारशेचे प्रकार बंद करा आणि घड्याळाचे आकडे पाहणे सोडा, तीच मेहनत किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद संथ दिसते. मात्र आठवड्यातून दोनदा चार-सहा स्ट्राइड आणि एकदा आठ सेकंदांचे चार चढ चालू ठेवा, सहाच्या आत निघून. जूनमध्ये मैदानाचा चिखल झाला की स्ट्राइड डांबरी रस्त्यावर आणा, शेवाळ धरलेला सिमेंटचा पट्टा सोडून.